झाडपाल्याचा अर्क कारखान्यात खरंच चालतो का?

गंजलेला बोल्ट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत माझं गॅल्व्हनायझिंगचं छोटं युनिट आहे. नटबोल्ट, क्लॅम्प, अवजारांचे सुटे भाग असं जॉबवर्क करतो. झिंकमध्ये बुडवण्याआधी मालावरचा गंज आणि काळी खपली काढायला हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडच्या टाकीत माल सोडावा लागतो. अ‍ॅसिडला गंज कुठला आणि चांगलं लोखंड कुठलं हे कळत नाही, ते दोन्ही खातं. म्हणून टाकीत थोडं इनहिबिटर घालायचं, म्हणजे गंज निघतो आणि लोखंड वाचतं. आजवर बाजारातलं नेहमीचं वापरत आलो. वासानं डोकं उठतं, आणि डब्यावर कवटी छापलेली.

परवा एक एजंट ‘शंभर टक्के वनस्पतीजन्य’ इनहिबिटर घेऊन आला. चॉकलेटी पाणी, उकळलेल्या चहाच्या चोथ्यासारखा वास. भाव दुप्पट. म्हणाला, ९५ टक्के संरक्षण मिळेल, ईटीपीला (सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेला) त्रास नाही, आणि तुमचे एक्स्पोर्टवाले गिऱ्हाईक ऑडिटला आले की खूश होतील.

नेटवर शोधलं तर डोकंच फिरलं. कडुनिंब, तुळस, जास्वंद, मेथी, केळीची साल... प्रत्येकाच्या अर्कावर पेपर आहेत आणि प्रत्येकात नव्वदच्या वर टक्के. इतकं सोपं असेल तर आख्ख्या एमआयडीसीत कुणीच का वापरत नाही? की वापरतात आणि सांगत नाहीत? इथे केमिस्ट्रीवाले बरेच आहेत. फक्त माझ्या टाकीबद्दल नाही, एकूणच झाडांपासूनची रसायनं कारखान्यात कुठे टिकली आणि कुठे नाही, हे अनुभवातून सांगा.

खवचट

भाव दुप्पट म्हणजे अर्क तुमचाच काढणार आहेत.

आजीचा बटवा

छान विषय! रिठ्याचं उदाहरण घ्या. सोनार आजही दागिने रिठ्याच्या पाण्यात उजळतात, रेशमी साड्या रिठ्यात धुतात. फेस येतो, मळ निघतो आणि पाणी नाल्यात सोडलं तरी ते विघटित होतं. आपल्याकडे हे सगळं होतंच, मध्ये आपण डब्यातल्या पावडरीच्या मागे लागलो. निसर्गातलं ते सौम्यच असतं.

खवचट

बिब्बाही निसर्गातलाच आहे ताई. गालाला लावून कळवा.

आजीचा बटवा

@खवचट, तुम्हाला दुसरं काही येतं का?

शास्त्रीबुवा

रुमाल टाकून ठेवतो. निर्मळीबद्दल लिहायचंय, संध्याकाळी.

निवांत रसायन

बोल्टसाहेब, माझी पीएचडी याच विषयातली, त्यामुळे थोडं लांबेल.

आधी हे मान्य करू की अर्क काम करतात, पेपरवाले थापा मारत नाहीत. बाजारातल्या इनहिबिटरमध्ये नायट्रोजन, ऑक्सिजन, गंधक असलेले रेणू असतात. ते लोखंडाच्या पृष्ठभागाला चिकटून बसतात आणि अ‍ॅसिडला जागा ठेवत नाहीत. पानांमधल्या टॅनिन (तुरट द्रव्य), अल्कलॉइड, फ्लॅव्होनॉइडमध्येही हेच अणू आणि बेंझिनची कडी असतात, म्हणून तेही चिकटतात. त्यात जादू नाही आणि नवलही नाही. एकोणिसाव्या शतकात पोलादाचे पत्रे अ‍ॅसिडमध्ये धुताना काकवी, कोंडा, सरस टाकत असत. म्हणजे आपण ‘हरित शोध’ म्हणतो ती जुनीच वहिवाट आहे.

आता पेपरमधली टाकी आणि तुमची टाकी शेजारी ठेवून बघा. पेपरमध्ये अ‍ॅसिड १ मोलर, म्हणजे साधारण साडेतीन टक्के. तुमचं सुरुवातीला पंधराच्या आसपास असेल. पेपरमध्ये तापमान ३० अंश, सांगलीच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली किती असतं ते तुम्हीच सांगा. पेपरमध्ये लोखंडाची पट्टी आरशासारखी घासलेली, अर्क त्याच सकाळी काढलेला आणि प्रयोग काही तासांत संपलेला. तुमच्या टाकीत तेच अ‍ॅसिड आठवडेच्या आठवडे चालतं, त्यात लिटरमागे शंभर ग्रॅमच्या वर लोखंड विरघळलेलं असतं, वर तेल आणि मळ. अर्कातले बरेच रेणू साखरेला जोडलेले किंवा एस्टर असतात, ते तीव्र अ‍ॅसिडमध्ये हळूहळू तुटतात. पहिल्या दिवशीचं संरक्षण पंधरवड्यानं राहिलंय का, हे फारच थोडे जण मोजतात.

मोठी अडचण यापुढेच. ‘जास्वंदीचा अर्क’ म्हणजे नक्की काय? कुठली जात, कुठल्या महिन्यातली पानं, पाण्यात काढला की अल्कोहोलमध्ये? कारखान्याला प्रत्येक ड्रममध्ये तेच द्रव लागतं. आमच्या क्षेत्रात झाडाचं नाव बदललं की नवा पेपर होतो, आणि माझेही त्यातलेच. झाडांच्या अर्कातून चांदीचे नॅनोकण बनवण्याच्या पेपरांचंही तेच झालंय, कॉलेजच्या आवारातलं एकही झाड सुटलेलं नाही.

तेव्हा एजंटला विचारा की हे ९५ टक्के कुठल्या तीव्रतेच्या अ‍ॅसिडमध्ये, कुठल्या तापमानाला, आणि किती वापरलेल्या टाकीत?

गंजलेला बोल्ट

धन्यवाद! ‘किती वापरलेल्या टाकीत’ हे डोक्यातच आलं नव्हतं. विचारतो.

वाटसरू

वाचनखूण साठवली. इंजिनिअरिंगला चार वर्षांत हे एवढं स्पष्ट कुणी सांगितलं नव्हतं.

तुरटीबाई

मी नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रात केमिस्ट होते, आता निवृत्त. शेवग्याचं सांगते, कारण दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी ‘तुरटी बंद करा, शेवग्याच्या बिया टाका’ म्हणून यायचंच.

सुदानमध्ये नाईलचं गढूळ पाणी बायका शेवग्याच्या बिया कुटून निवळायच्या. सामिया अल अझारिया जान या जर्मन बाईंनी सत्तरच्या दशकापासून तिथे राहून त्याचा नीट अभ्यास केला. बियांमध्ये धन भाराची छोटी प्रथिनं असतात. मातीच्या कणांवर ऋण भार असतो. प्रथिनांमुळे कण एकमेकांना चिकटतात, गाळ जड होतो आणि खाली बसतो. तुरटी हेच करते. शिवाय तुरटीनं पाण्याची आम्लता वाढते आणि मागून चुना द्यावा लागतो, शेवग्यानं तसं होत नाही. गाळही कमी आणि कुजणारा. इथपर्यंत शेवग्याची बाजू भक्कम आहे.

आम्ही बीकरमध्ये बघितलं. जुलैतल्या चहासारख्या लाल पाण्यात झकास. जानेवारीत पाणी आधीच बरंच स्वच्छ असतं, तेव्हा काही जमेना. कमी गढूळपणात शेवगा लंगडा पडतो हे सगळीकडे दिसलंय. दुसरं म्हणजे बियांतली बाकीची प्रथिनं आणि साखर पाण्यात उतरते. ते पाणी ठेवलं की जिवाणूंना मेजवानी. क्लोरीन टाकावं तर त्यातलं बरंचसं हे सेंद्रिय द्रव्यच खाऊन टाकतं.

आणि हिशेब. लिटरला १०० मिलिग्रॅम धरा, म्हणजे रोज १० लाख लिटर पाण्याला १०० किलो सोललेलं बी. बारक्या गावाच्या योजनेलाही हे रोज लागणार. कोण सोलणार? तुरटीच्या लाद्या ट्रकमधून येतात, कुठल्याही महिन्यात, एकाच गुणाच्या.

घरच्या हंड्यासाठी, पुरात, तुरटी मिळत नसताना शेवगा उत्तम. केंद्रासाठी म्हणाल तर नाही.

आजीचा बटवा

तुरटीबाई, एक मुद्दा राहिला. शेवग्याच्या बीमध्ये पस्तीस-चाळीस टक्के तेल असतं आणि ते महाग विकलं जातं. घाण्यातून तेल काढून घेतलं तरी निवळण्याचा गुण पेंडीत शिल्लक राहतो. मग पाण्यासाठी बी कशाला, पेंड वापरा. सोलण्याचा खर्च तेलवाल्यानं आधीच केलेला असतो.

तुरटीबाई

हे मात्र बरोबर, ताई. तेल गेल्यामुळे पाण्यावर तवंगही येत नाही. पेंडीतून मिठाच्या पाण्यात प्रथिन काढलं तर साध्या पाण्यापेक्षा जास्त उतरतं. पण मग तो झाला ‘उद्योग’, परसातलं झाड नाही.

अवांतर: ब्राझीलमध्ये ब्लॅक वॅटल नावाच्या बाभळीच्या भावंडाच्या सालीतलं टॅनिन काढून पाणी निवळायचं औषध बनवतात आणि ते मोठ्या केंद्रांत चालतं. टॅनिनला धन भार यावा म्हणून त्यावर फॉर्मल्डिहाइड आणि अमोनियम क्षार घालून प्रक्रिया करावी लागते. आता याला नैसर्गिक म्हणायचं का, यावर तुम्ही भांडा, मी चहा ठेवते.

शास्त्रीबुवा

आलो. शेवग्याच्याही आधी आपल्याकडे निर्मळीचं बी होतं, संस्कृतात कतक. मडक्याच्या आतल्या बाजूला बी घासायचं आणि पाणी ओतायचं. स्मृतिग्रंथांत याचा दाखला चक्क धर्माचरणाबद्दल येतो: कतकाचं फळ पाणी निवळतं खरं, पण नुसतं त्याचं नाव घेतल्यानं निवळत नाही. एजंटच्या ब्रोशरवर छापावं असं आहे.

खवचट

शास्त्रीबुवा, आजचा सामना तुम्ही मारलात.

चपलेचा अंगठा

आमचा धंदा कोल्हापुरीचा, म्हणजे चामडं हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमवायचं. म्हणून बोलतो.

हिरड्याच्या फळात तीसेक टक्के टॅनिन असतंय. ते कातडीतल्या प्रथिनाला धरतंय, मग कातडी कुजत नाही, तिचं चामडं होतंय. हौदात कातडी सोडायची, साल-हिरडा भरायचा, बदलायचा, परत भरायचा. आठवडेच्या आठवडे जातात. क्रोमवाला (क्रोमियमच्या क्षारात चामडं कमावणारा) ड्रम फिरवतो आणि दिवसाभरात मोकळा. क्रोमचं चामडं उकळत्या पाण्यातही आक्रसत नाही, आमचं सत्तर-ऐंशी अंशाला आक्रसतंय. म्हणून जगातलं बहुतेक चामडं क्रोमचं, यात नवल काय?

पण क्रोमचा तोटा बघा की. टाकलेल्या क्रोमपैकी पाऊणही चामड्यात जात नाही, बाकी सांडपाण्यात. कानपूरच्या जाजमऊला, तमिळनाडूतल्या राणीपेटला, जिथं चामड्याचे कारखाने आहेत, तिथं जाऊन या म्हणजे कळंल.

आता आमच्या बाजूचंही खरं सांगतो. टॅनिनचं सांडपाणी काळंकुट्ट, सीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण मोजायचा आकडा) भयंकर, आणि ते लवकर कुजतबी नाही, कारण जे कातडं कुजू देत नाही ते जिवाणूंना कसं काय कुजवू देईल? पाहुणे येतात, ‘किती नैसर्गिक’ म्हणून फोटो काढतात, आणि मागं नाला कुणी बघत नाही.

२०१९ ला कोल्हापुरीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्ही राज्यांतल्या चार-चार जिल्ह्यांना. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या रॅम्पवर आमच्यासारखी चप्पल दिसली आणि गावभर चर्चा झाली. पण हिरड्याचा भाव काय चाललाय हे कुणी विचारलं नाही.

जुन्नरकर

हिरड्याचा भाव मी सांगतो की, अंगठेसाहेब. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, भीमाशंकरच्या खालच्या गावांमध्ये एप्रिल-मेमध्ये बाळहिरडा गोळा करतात. महादेव कोळी घरांमध्ये वर्षाचा रोख पैसा हाच. झाडावर चढायचं, फांदी हलवायची, खाली पडलेलं टिपायचं, वाळवायचं. भाव व्यापारी ठरवतो. जूनची झड आधी आली की वाळत घातलेला माल बुरशी धरतो. २०२० च्या निसर्ग वादळात तर झाडंच मोडली, आणि हिरडा म्हणजे शेतातलं पीक नाही म्हणून पंचनाम्याचा घोळ.

तेव्हा ‘शाश्वत’ वगैरे शब्द ऐकला की मी विचारतो, कुणासाठी शाश्वत? उद्या एखाद्या कंपनीनं दहा पट हिरडा मागितला तर फांद्या हलवणार नाहीत, तोडतील.

निवांत रसायन

जुन्नरकर, मुद्दा मोलाचा आहे. पेपरात शेवटच्या परिच्छेदात ‘स्वस्त, मुबलक आणि पर्यावरणस्नेही’ असं लिहायची पद्धत आहे. कुणाला स्वस्त हे आम्ही कधीच तपासत नाही.

कोकण्या

सगळे पानं-फुलं बोलतायत आणि आमच्या काजूच्या टरफलाला विसरले. वेंगुर्ल्याजवळ माझी काजूची फॅक्टरी आहे, वडिलांपासूनची. जरा लांबण लावतो.

काजूचं टरफल दोन थरांचं, मध्ये पोळ्यासारखी घरं, आणि त्यात तेल. टरफलाच्या वजनाचा पाव भाग तरी तेलच. ते अंगाला लागलं की फोड येतो. बिब्ब्याच्याच कुळातलं, आंबाही त्याच कुळातला. (खवचटभाऊ, गालाला लावायचं असेल तर बाटली पाठवतो.) वडिलांच्या काळात बी ड्रममध्ये भाजायची. तेल जळायचं, धूर इतका तिखट की शेजारची वाडी शिव्या घालायची. फोडणाऱ्या बायकांची बोटं काळी, सोललेली. राख किंवा गोडंतेल लावून बसायच्या. तेव्हा हे तेल म्हणजे नुसता उपद्रव.

आता आम्ही बी वाफेवर शिजवतो, मशीनवर कापतो. तेल टरफलातच राहतं. टरफल एक्स्पेलरमध्ये घातलं की काळं दाट तेल बाहेर येतं. उरलेला चोथा बॉयलरला जळण म्हणून जातो. म्हणजे गर बाजारात, तेल टँकरमध्ये, चोथा भट्टीत.

या कच्च्या तेलात साठ-पासष्ट टक्के अ‍ॅनाकार्डिक आम्ल असतं. ते १८०-२०० अंशांपर्यंत तापवलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कार्डेनॉल उरतं. कार्डेनॉल म्हणजे फिनॉल, पण त्याला पंधरा कार्बनची लांब शेपूट. बाजारातलं फिनॉल पेट्रोलियममधून येतं, त्याला शेपूट नसते. ही शेपूट लवचिक, पाणी न धरणारी. त्यामुळे काय होतं बघा. फॉर्मल्डिहाइडबरोबर राळ करून दळली की ट्रक-बसच्या ब्रेक लायनिंगमध्ये घालतात. घर्षणाची उष्णता सोसते आणि ब्रेक कमी किंचाळतो. आणि जहाजाच्या रंगात इपॉक्सी घट्ट करायला याच तेलापासून केलेला हार्डनर वापरतात, कारण तो थंडीत आणि ओलसर पत्र्यावरही सुकतो. पेट्रोलवाले बरेच हार्डनर तिथे मान टाकतात.

हे मुद्दाम सांगतोय. काजूचं तेल कुणी ‘नैसर्गिक’ म्हणून घेत नाही. घेणाऱ्याला ते दुसऱ्यापेक्षा चांगलं चालतं म्हणून घेतो. ऑर्गॅनिक वगैरे स्टिकरही लावत नाही कुणी.

माळावरची मुग्धा

कोकण्यादा, प्रतिसाद भारी. शाळेत बसच्या मागून पळताना त्या ब्रेकमध्ये काजू होता हे माहीत असतं तर चाटून बघितला असता.

कोकण्या

नको गं बाई.

संत्रानगरी

मग आमच्या नागपूरच्या संत्र्याच्या सालीचं काय? तिच्यातलं लिमोनीन ग्रीस काढायला वापरतात ना? इथे सीझनला सालींचे ढीग पडतात.

निवांत रसायन

वापरतात, चांगलं चालतं. पण ते लिमोनीन येतं ब्राझील-फ्लोरिडासारख्या ठिकाणच्या रस काढणाऱ्या कारखान्यांतून, जिथे साल एकाच छपराखाली टनांनी पडते. नागपूरचं संत्रं लोक घरी सोलून खातात, साल लाख घरांच्या कचऱ्यात विखुरते. ती गोळा करायचा खर्च लिमोनीनच्या किमतीपेक्षा जास्त होईल. आणि लिमोनीन माशांना, पाण्यातल्या किड्यांना चांगलंच विषारी आहे. हवेत जुनं झालं की त्वचेला खाज आणतं. ग्रीस काढून झाल्यावर नाल्यात सोडायचं औषध नाही ते.

खवचट

@आजीचा बटवा, निसर्गातलं ते सौम्यच असतं ना?

आजीचा बटवा

घेतला शब्द मागे, झालं समाधान? पण मूळ मुद्दा सोडत नाही. पेट्रोलियम कधीतरी संपणार, तेव्हा झाडांकडेच यावं लागेल. आत्तापासून संशोधन नको?

शिवारातला

निंबोळीचं कुणी बोललं नाही. २०१५ पासून देशात बनणारा सगळा युरिया नीम कोटेड करणं सक्तीचं आहे. कडुनिंबाच्या तेलाची हलकीशी पुटं असतात. त्यामुळे जमिनीतल्या जिवाणूंचं युरियातून आलेल्या अमोनियाचं नायट्रेट करणं मंदावतं, नत्र वाहून कमी जातं. आणि दुसरा फायदा बोलून दाखवायचा नसतो: युरिया प्लायवूडच्या गोंदात आणि नकली दुधात जायचा, ते अवघड झालं.

शेतात किती फरक पडला म्हणाल तर जमिनीनुसार वेगवेगळं ऐकू येतं. माझ्या काळ्या रानात मला डोळ्यांनी दिसेल असा फरक नाही. पण तेलाला गिऱ्हाईक मिळालं. गुजरातेत लिंबोळ्या गोळा करायचं काम बायकांना मिळालं. सरकारनं सक्ती केली म्हणून बाजार उभा राहिला, नाहीतर राहिला नसता.

शास्त्रीबुवा

उलटा दाखला नीळ. १८९७ मध्ये जर्मनीत बीएएसएफनं कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि बिहार-बंगालमधली निळीची शेती थोड्याच वर्षांत कोसळली. रेणू तोच होता, एका अणूचाही फरक नाही. फक्त प्रत्येक पिंपात टक्केवारी सारखी. निवांतराव म्हणतात तो ‘तेच द्रव’ मुद्दा तेव्हाचाच.

टेक्सासकर

ह्यूस्टनहून. मी तेलविहिरींच्या केमिकल्समध्ये काम करतो. आजीचा बटवा, पेट्रोलियमचं एक गंमतशीर उदाहरण: खडक फोडून गॅस काढतात तेव्हा पाण्यात वाळू तरंगती ठेवायला ते दाट करावं लागतं. दाट कशानं करतात? गवारीच्या डिंकानं! राजस्थानातल्या गवारीच्या. इथे फ्रॅकिंगची लाट आली तशी मागणी वाढत गेली. २०१२ ला भाव इतका चढला की भारतात वायदे बाजारातला गवारीचा व्यवहार थांबवावा लागला. जोधपूरकडे लोकांनी त्या पैशावर ट्रॅक्टर घेतले. मग इथल्या कंपन्यांनी कृत्रिम पर्याय शोधले, गवारीचं प्रमाण कमी केलं, आणि भाव आपटला.

म्हणजे जगातलं मोठं ‘वनस्पतीजन्य औद्योगिक द्रव्य’ नैसर्गिक वायू काढायला वापरलं गेलं. हरित म्हणायचं की नाही, ठरवा.

जुन्नरकर

ट्रॅक्टर घेणाऱ्यानं मग हप्ते कसे फेडले, हे कुणी लिहिलंय का?

टेक्सासकर

निरुत्तर.

कोकण्या

जुन्नरकरांना एक विचारतो, वाद म्हणून नाही. काजूच्या तेलाला बाजार मिळाला तेव्हा झाड तोडावं लागलं नाही, कारण टरफल कसंही पडणारच होतं. हिरड्यात तसं नाही, तिथे फळ हाच माल. म्हणून मला वाटतं, आधीच पडून असलेल्या गोष्टीचं तेल काढावं. शेवग्याची पेंड, काजूचं टरफल, उसाची चिपाडं.

जुन्नरकर

तुमचं बरोबर आहे, पण मग जंगलातल्या माणसाच्या वाट्याला काय? त्याच्याकडे ‘पडून असलेलं’ काही नसतं. ज्याच्या हातात फॅक्टरी, त्याचंच टरफल. हिरड्याचा अर्क गावातच काढायची छोटी यंत्रं, गटाच्या मालकीची, असं झालं तर बोलू.

तुरटीबाई

दोघंही बरोबर आहात आणि दोघांचं एकत्र जमणार नाही. पुढे चला.

चपलेचा अंगठा

बोल्टराव, तुमच्या टाकीवर येतो परत. त्या चॉकलेटी पाण्यात टॅनिन असंल तर एक लक्षात घ्या. हिरडा अधिक हिराकस (लोखंडाचा क्षार) म्हणजे शाई. जुने लोक असंच करायचे, कलमकारीचा काळा रंगही हिरडा आणि लोखंडातूनच येतोय. तुमच्या टाकीत तर लोखंड विरघळलेलं. अ‍ॅसिड कडक आहे तोवर काय दिसायचं नाही. धुण्याच्या टाकीत अ‍ॅसिड पातळ झालं की बघा.

निवांत रसायन

अगदी नेमकं! आणि ती काळी पुटं मालावर राहिली तर फ्लक्स (झिंक चिकटावं म्हणून आधी लावायचं द्रावण) नीट बसणार नाही, तिथे झिंक धरणार नाही आणि लोखंड उघडं राहील.

चाचणी घरच्या घरी करता येते. एकाच पत्र्याच्या पट्ट्या कापा, घासून, धुऊन, वाळवून वजन करा. एक पट्टी नुसत्या अ‍ॅसिडमध्ये, एक जुन्या इनहिबिटरमध्ये, एक नव्यात. हाच प्रयोग ताज्या अ‍ॅसिडमध्ये आणि तुमच्या जुन्या टाकीतल्या अ‍ॅसिडमध्येही करा. सगळ्यांना सारखाच वेळ द्या, मग धुवा, वाळवा, पुन्हा वजन. नुसत्या अ‍ॅसिडमधली घट वजा इनहिबिटरमधली घट, भागिले नुसत्या अ‍ॅसिडमधली घट, गुणिले शंभर, म्हणजे टक्केवारी. वजनकाटा मिलिग्रॅमचा हवा, कॉलेजमध्ये मिळेल. हातात ग्लोव्ह्ज घाला. आणि धुतलेल्या पाण्याचा सीओडी दोन्हींसाठी मोजून घ्या, ‘ईटीपीला त्रास नाही’ हे तिथेच कळेल.

गंजलेला बोल्ट

मंडळी, निकाल घेऊन आलोय. मुलाच्या कॉलेजमधल्या काट्यावर केलं.

ताज्या अ‍ॅसिडमध्ये नवं औषध जुन्याच्या अगदी जवळ. एजंट खोटं बोलत नव्हता. जुन्या टाकीतल्या अ‍ॅसिडमध्ये ते मागे पडलं, बऱ्यापैकी. अंगठेसाहेबांचं भाकीत खरं झालं: धुण्याच्या बादलीत निळसर काळी शाई. पोरानं त्यात बोरू बुडवून नाव लिहिलं.

एजंटकडे सेफ्टी शीट मागितली. टाळाटाळ करून दिली. त्यात वनस्पती अर्क आहे, पण सोबत हेक्सामिन पण आहे! ‘शंभर टक्के’चं काय विचारलं तर म्हणतो, अर्क शंभर टक्के वनस्पतीचाच आहे साहेब.

खवचट

हे उत्तर फ्रेम करून लावा.

निवांत रसायन

हेक्सामिन घालण्यात गैर काही नाही, जुनं आणि सगळ्यांना माहीत असलेलं इनहिबिटर आहे. अर्काला दुसऱ्या रसायनाची जोड दिली की दोघांचं मिळून जास्त चांगलं चालतं असं बऱ्याचदा दिसतं, आणि मला विचाराल तर कारखान्यात अर्क येणार ते असेच, मिश्रणातून. फक्त हेक्सामिन अ‍ॅसिडमध्ये फुटून थोडं फॉर्मल्डिहाइड सोडतं. कामगारांना कवटीच्या डब्यापासून वाचवायचं म्हणून हे घेत असाल, तर टाकीवरचं एक्झॉस्ट चालू आहे ना ते आधी बघा.

तुरटीबाई

फॉर्मल्डिहाइड पुन्हा आलं! मी म्हटलं होतं, भांडा.

गंजलेला बोल्ट

एक्झॉस्टचं खरंच बघतो, बेल्ट घसरतोय. औषधाचं असं ठरवलंय: आत्ता घेत नाही. एजंटला सांगितलं की वापरलेल्या अ‍ॅसिडमध्ये टिकणारं आणि धुताना काळं न पडणारं आणा, भाव दीडपट असला तरी घेईन. म्हणाला, कंपनीला कळवतो. कोकण्यासाहेब, तुमच्या तेलापासूनचा हार्डनर असलेला इपॉक्सी अ‍ॅसिड टाकीच्या बाजूच्या ओल्या फरशीवर चालेल का? तिथली फरशी दरवर्षी उखडते.

कोकण्या

ओलसर फरशीवर बसायला चालेल, तीच त्याची खासियत. पण पंधरा टक्के अ‍ॅसिड सांडत राहिलं तर किती टिकेल ते रंगवाल्याकडून लिहून घ्या. कोपऱ्यात वीतभर जागेवर लावून पावसाळाभर बघा, मग सगळं करा.

उसाचा पाला

धागा वर काढतोय. आमच्या गावच्या डेअरीचं धुण्याचं पाणी ओढ्यात जातं, पांढरं-गढूळ. शेवग्याची पेंड टाकून निवळेल का? पेंड किती टाकायची?

तुरटीबाई

किती ते मी इथून सांगू शकत नाही, तुमचं पाणीच सांगेल. सहा बीकर घ्या, नसतील तर सहा सारख्या बरण्या. पेंडीची पूड मिठाच्या पाण्यात घोटून गाळून घ्या. प्रत्येक बरणीत वाढती मात्रा, पहिलीत काहीच नाही. मिनिटभर जोरात ढवळा, मग पंधरा-वीस मिनिटं हळू, मग अर्धा तास हात लावू नका. सगळ्यांत कमी मात्रेत जी स्वच्छ झाली ती तुमची मात्रा. दुधातलं फॅट वर तरंगतं, ते आधी काढून टाका, नाहीतर काहीच कळणार नाही. आणि निवळलं तरी त्यातली विरघळलेली साखर तशीच राहते. ओढ्यात सोडायच्या आधी सीओडी मोजाच.

उसाचा पाला

बरण्या आहेत. रविवारी बघतो.